रीफ टँकमध्ये पीएचच्या मागं पळू नका, केएच धरा

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, पीएच ७.९ दिसला की लगेच पीएच वाढवायची बाटली ओतायची, हे आधी बंद करा. पीएच दिवसभर हलतोच, सकाळी लाइट लागायच्या आधी सगळ्यात कमी आणि संध्याकाळी जास्त, ७.८ ते ८.४ मध्ये फिरतोय तोवर कोरलचं काही बिघडत नाही. बघायचं ते केएच, म्हणजे अल्कलिनिटी, पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद. समुद्रात साधारण ७ डीकेएच (हे केएचचं माप) असते, घरी ८ ते ९ मध्ये कुठंही ठेवा पण एकदा ठरलं की तिथंच, आज ७ आणि उद्या १० केलं तर अ‍ॅक्रोपोरासारख्या नाजूक कोरलची टोकं जळालीच समजा.

पाणी बोअरचं नकोच. आपल्या सांगलीकडच्या बोअरचे क्षार बादलीवरच्या पांढऱ्या थरात दिसतातच की. किचनचा आरओ वापरणार असाल तर आत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर आहे का बघा, छोटासा स्क्रू असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, वर काही मशीनला मिनरल कार्ट्रिज पण असतं, म्हणून पाणी मेंब्रेननंतर लगेच काढून घ्या, पुढं डीआय (उरलेले क्षार काढणारं रेझिनचं फिल्टर) लावा, टीडीएस मीटरवर ० आलं पाहिजे. एप्रिल-मे मध्ये पाणी भराभर उडतं पण मीठ टँकमध्येच राहतं, टॉप अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भर, या बिनमिठाच्या पाण्यानंच. सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा, स्पेसिफिक ग्रॅव्हिटीत) १.०२५ ला आहे का ते आधी बघायचं, मग केएच.

आता डोस. केएच वाढवायला खायचा सोडा घालायचा, पण आधी दोन दिवस तो न घालता रोज एकाच वेळेला केएच टेस्ट करा. समजा काल ८.५ होता आज ८.०, म्हणजे कोरल रोज अर्धा डीकेएच खातात. साधा खायचा सोडा घ्या (बेकिंग पावडर नव्हे, त्यात आम्ल आणि स्टार्च असतं), ६० ग्रॅम सोडा आरओत विरघळवून एकूण १ लिटर करा. याचं ५० मिली १०० लिटर टँकला १ डीकेएच वाढवतं, मग १५० लिटरला रोजचे ३७-३८ मिली झाले, रिटर्न पंपाजवळ (टँकमध्ये पाणी परत सोडणारा पंप) हळूहळू ओता. केएच फारच खाली गेला असेल तरी दिवसाला १ डीकेएचच्या वर चढवायचा नाही. कोरल सोबत कॅल्शियम पण खातात, १ डीकेएचमागं साधारण ७ पीपीएम, ते ४०० ते ४५० मध्ये ठेवा.

केएच बरोबर आणि तरी पीएच ७.७? मग घरातल्या हवेवर संशय घ्या. ग्लासभर टँकचं पाणी गच्चीवर नेऊन एअरस्टोननं तासभर बुडबुडे द्या आणि पीएच परत मोजा, वाढला तर बंद खोलीतला कार्बन डायऑक्साइडच नडतोय. खिडकी उघडा, नाहीतर स्किमरची (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारं मशीन) एअर पाइप सरळ बाहेर काढा, थंडीत दारं-खिडक्या लावून बसलं की हे हमखास होतं.

एवढं करूनही पीएच चढेना तर कल्कवासर, म्हणजे चुन्याची निवळी. आरओच्या लिटरमागं दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, निवळल्यावर वरचं स्वच्छ पाणी रात्री थेंब थेंब टॉप अपला, आणि तेवढा सोड्याचा डोस कमी करा. पानटपरीचा चुना नको, त्यात काय मिसळलंय कोणाला माहीत. हातमोजे घाला, डोळ्यात उडालं तर लई महागात पडेल.