स्लॅब गळतोय आणि कॉन्ट्रॅक्टर 'बघतंय' म्हणतोय? आधी तारीख मोजा

आमच्या देवगडच्या घराच्या स्लॅबला वॉटरप्रूफिंग करून घेतलं, ४२ हजार दिले, बिलावर ५ वर्षांची गॅरंटी. पुढच्याच पावसात १४ जून २०२३ ला माजघरात टोप लावायची वेळ आली. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर "पाऊस थांबांदे, मगे बघतंय". पाऊस थांबला, मग गणपती झाले, मग माणसं नाहीत, मग परत मिरग आला. माणूस गोड बोलायचा हो, म्हणून आम्हीपण ताणलं नाही, आणि खरी गोची इथेच होते.

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत २ वर्षं (२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, कलम ६९), आणि ती तक्रारीचं कारण घडलं तिथून मोजतात. गॅरंटी ५ वर्षांची आहे म्हणजे तक्रारीलापण ५ वर्षं आहेत असं अजिबात नाही. वाद नको म्हणून मी सरळ पहिल्या गळतीपासून मोजलं, म्हणजे १४ जून २०२५. फोनवरची आश्वासनं, वकिलाची नोटीस, त्याचं उत्तर यायची वाट, यातल्या कशानेही घड्याळ थांबत नाही. नोटीस पाठवा जरूर, पण नोटीस पाठवली म्हणजे मुदत वाढली असं समजून झोपू नका.

उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण सबळ कारण लागतं, आणि 'तो उद्या येतो म्हणाला' हे कारण माझ्या मते फार लंगडं आहे.

दिवाणी कोर्टात करार मोडल्याच्या भरपाईला ३ वर्षं मिळतात. उलट बाजूने, तुम्ही गवंडी, वायरमन असाल आणि काम करून पैसे अडकले असतील, तर तुमचीपण ३ वर्षंच, साधारणपणे काम पूर्ण झाल्यापासून. मुदत संपायच्या आत समोरच्याने 'इतके देणं लागतो' असं लिहून सही दिली तर त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते, म्हणून चहा पितापिता का होईना पण चिठ्ठी घ्याच. आणि करारात बारीक अक्षरात 'तक्रार ६ महिन्यांतच' असं छापून कायद्याची मुदत कापता येत नाही, करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे असली अट रद्दबातल.

आयोगात सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील केलाच पाहिजे असंपण नाही. सिंधुदुर्गवाल्यांचा जिल्हा आयोग ओरोसला. चाकरमान्यांना मात्र त्यासाठी गावी यायची गरज नाही, राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, ऑनलाइनपण भरता येते. निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगात अपिलाला ४५ दिवस.

मी २०२५ च्या मे महिन्यात कागद काढायला बसलो तर फायलीतल्या बिलाला बुरशी, आणि थर्मल कागदावरची पैसे भरल्याची पावती तर कोरी पांढरी, एक अक्षर दिसेना. बँकेचं स्टेटमेंट काढून भागवलं. तुम्ही बिल हातात आलं की त्याच दिवशी फोटो काढा, आणि टोप लावलात की टोपाचापण काढा, तारखेसकट.