स्वस्तातला टॅब घेतलाय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं मोबाइलचं दुकान आहे. दहा हजारांच्या आतला टॅब नेलेलं गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी हमखास परत येतं. "मालक, ह्यो हँग व्हायलाय."

होणारच. पहिल्या दिवशी मागनं ढीगभर अपडेट उतरत असतात. रात्रभर वायफायवर आणि चार्जरला ठेवा, सकाळी हात लावा. पण एवढा दम कुणाला?

मंगळवार पेठेतल्या एका मामांना तर संध्याकाळपर्यंतही नव्हता. 3 जीबी रॅमचा टॅब. रॅम म्हणजे चालू ॲप ठेवायची जागा. हँग झाला म्हणून त्यांनी रॅम साफ करणारं ॲप टाकलं, फरक पडेना म्हणून दुसरं, वर बॅटरी वाचवणारं तिसरं. बटण दाबलं की पडद्यावर लाल रॉकेट उडायचं, पाठोपाठ जाहिरात. मामा कौतुकानं दाखवत होते, "बघा, दर खेपेला जागा करतंय!"

अहो, अँड्रॉइड बंद केलेली ॲप मुद्दामच रॅममध्ये ठेवतं, पुन्हा पटकन उघडावीत म्हणून. जागा कमी पडली की स्वतःच काढतं. तुम्ही ती सारखी हाकललीत की प्रत्येक ॲप पहिल्यापासून लोड होणार, बॅटरी उलट जास्त खाणार. तिन्ही काढली, रीस्टार्ट मारला. चहा येईस्तोवर टॅब सुधारला. "मग ते रॉकेट?" "दिवाळीतलं समजा."

खोक्यावरच्या "3+3 जीबी"लाही भुलू नका. पुढचे 3 म्हणजे स्टोरेजमधूनच उसने घेतलेले, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी संथ. मी ते सेटिंगमध्ये बंदच करतो.

पिक्चर धुरकट दिसतो म्हणून भांडायला येणारे वेगळेच. पडदा फुल एचडी असला तरी टॅबला वाइडवाइन (पिक्चरची चोरी रोखणारं गूगलचं कुलूप) एल 1 या वरच्या दर्जाचं नसेल, फक्त खालचं एल 3 असेल, तर नेटफ्लिक्स 480पीच्या, म्हणजे कमी स्पष्ट चित्राच्या, वर जात नाही. हे अपडेटनं सुधारेल याची वाट बघत बसू नका. घेण्याआधीच विचारा, आमच्यासारखा दुकानदार आपणहून सांगत नसतो.

मेमरी कार्ड रस्त्यावरचं नको. लहान पोरांचे गेम एकावेळी दोनच.

आणि बटणं दाबून रीसेट मारायच्या आधी गूगलचा पासवर्ड कागदावर लिहा. नंतर टॅब तेच जुनं खातं मागतो. "पोराला म्हाईत हाय, पोरगं पुण्यात असतंय," म्हणत माझ्या बाकावर रोज कुणीतरी फोन लावत बसलेलं असतं, आणि पोरगं मीटिंगमध्ये.