मोठ्या संख्येचे गुणधर्म कसे तपासावेत? ७,२०,७२० चे उदाहरण

एखादी सहा-सात अंकी संख्या समोर आली, की ती वर्गसंख्या आहे का, तिला किती विभाजक आहेत, असे प्रश्न आपण सुटे सुटे घेतो आणि दर वेळी नव्याने भागाकार मांडतो. त्याऐवजी एकदाच नेटाने मूळ अवयव पाडून घ्यावेत. पुढची बहुतेक उत्तरे त्यांतच दडलेली असतात.

सुरुवात विभाज्यतेच्या कसोट्यांनी करावी. ७,२०,७२० च्या एककस्थानी शून्य असल्याने तिला २ आणि ५ ने भाग जातो, तर अंकांची बेरीज १८ येत असल्याने ९ नेही जातो. ७, ११ आणि १३ यांच्यासाठी मात्र एकच सुंदर कसोटी पुरते. लाख-हजारांचे स्वल्पविराम बाजूला ठेवून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत आणि ते आलटून पालटून मिळवावेत व वजा करावेत. उत्तराला यांपैकी ज्या संख्येने भाग जातो, तिने दिलेल्या संख्येलाही जातो. येथे ७२० − ७२० = ०, म्हणजे तिन्हींनी भाग जातो. ७ × ११ × १३ = १००१ असल्यामुळे हे घडते, आणि आपली संख्या तर सरळ ७२० × १००१ आहे. म्हणून तिचे अवयव असे:

७,२०,७२० = २⁴ × ३² × ५ × ७ × ११ × १३

अन्य एखाद्या संख्येत शेवटी मोठा भागाकार उरला, तर त्याच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे. एकीनेही भाग गेला नाही, तर तो स्वतःच मूळ संख्या असतो.

आता विभाजक मोजावेत. विभाजकात २ हा अवयव शून्य ते चार वेळा येऊ शकतो, म्हणजे पाच पर्याय. ३ चे तीन, उरलेल्या चौघांचे दोन-दोन. गुणाकार ५ × ३ × २ × २ × २ × २ = २४०. याहून लहान कोणत्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. आधीच्या सर्व संख्यांपेक्षा अधिक विभाजक असणाऱ्या अशा संख्यांचा सखोल अभ्यास श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात केला आहे.

वर्गसंख्येसाठी सगळे घातांक सम हवेत. येथे ५, ७, ११, १३ यांचे घातांक विषम आहेत, म्हणून ही वर्गसंख्या नाही. पण तिला ५००५ ने गुणल्यास ६०,०६० चा वर्ग मिळतो.

विभाजकांची बेरीज काढण्यासाठी प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांची बेरीज वेगळी करून त्या बेरजा गुणाव्यात. २ साठी १ + २ + ४ + ८ + १६ = ३१, ३ साठी १३, पुढे ६, ८, १२ आणि १४. गुणाकार ३२,४९,७९२ येतो. त्यातून ७,२०,७२० ही संख्या वजा केल्यावर २५,२९,०७२ उरतात, जे त्या संख्येपेक्षा जास्त आहेत. अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात. वजाबाकीनंतर उरलेली ही बेरीज त्या संख्येइतकीच असती, तर संख्या परिपूर्ण ठरली असती.

द. रा. कापरेकर यांच्या हर्षद संख्यांची तपासणी वेगळी करावी लागते, कारण हा गुण संख्या दशमान पद्धतीत कशी लिहिली जाते यावर अवलंबून असतो. अंकांच्या बेरजेने संख्येला भाग जायला हवा: ७,२०,७२० ÷ १८ = ४०,०४०, म्हणून ही संख्या हर्षदही आहे.