गाडीला गोळीरोधक कवच बसवताय? या चुका टाळा

भुसावळजवळ वरणगावच्या आयुध निर्माणीत बंदुकीच्या गोळ्या बनतात, त्यामुळे आमच्या भागात गोळीबद्दल बोलणारे पुष्कळ भेटतात. गोळी अडवणाऱ्या पत्र्याचं काम मात्र बरेचदा ऐकीव माहितीवर चालतं. जळगावच्या सराफ बाजाराचा माल आणि रोकड नेणाऱ्या गाड्या आमच्या शेडमध्ये दुरुस्तीला येतात. त्या उघडल्यावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कवच प्लेटच्या मधोमध क्वचितच कच्चं असतं. ते कच्चं राहतं सांध्यावर, कडेला आणि उन्हाने तापलेल्या भागात. आत माणसं बसलेली असतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

जाड पत्रा म्हणजे गोळीरोधक, हा समज

साध्या माइल्ड स्टीलचा कडकपणा ब्रिनेल मापावर १२० ते १५०च्या आसपास असतो. गोळी अडवणाऱ्या पोलादाचा साधारण ५००. "दहा एमएमचा पत्रा टाका, काय होतंय" असं म्हणून वजन वाढतं, संरक्षण त्या मानाने वाढत नाही. दुसरी फसगत डंपरच्या हौद्याला लावतात त्या घासरोधक प्लेटची. तिचाही आकडा ४००-५०० असतो, पण ती दगड-मुरुमाची घासण सोसायला बनवलेली असते. गोळीची चाचणी तिच्यावर झालेली नसते, तशी हमीही कोणी देत नाही.

प्लेट घेताना चाचणीचा दाखला मागा आणि त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक) प्लेटवर ठोकलेल्या नंबराशी स्वतः जुळवून बघा. दाखल्यावर कोणती गोळी, किती वेगाची, हे लिहिलेलं हवं. १९८५ च्या अमेरिकन एनआयजे (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस) ०१०८.०१ मानकात लेव्हल ३ म्हणजे ७.६२ मिलिमीटरची रायफलची गोळी, वेग सेकंदाला ८३८ मीटर. लेव्हल ३-ए फक्त पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपुरती. नावात "३" दिसलं म्हणून लोक दोन्ही एकच धरतात. लहान गोळी कमी घातक, हेही खरं नाही. ५.५६ मिलिमीटरची एम१९३ ही रायफलची गोळी सुमारे ९९० मीटर वेगाने सुटते आणि ७.६२ अडवणारी पोलादी प्लेट जवळून भेदू शकते. पोलादाच्या बाबतीत वेग फार महत्त्वाचा.

गॅसकटर आणि वेल्डिंग

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. या पोलादाचा कडकपणा तापवून एकदम थंड करण्यातून आलेला असतो. साधारण २०० अंशांच्या वर ते पुन्हा तापलं की तो उतरायला लागतो. चाकाच्या कमानीजवळ प्लेट वळत नाही म्हणून कारागीर ती गॅसने लाल करतो आणि घणाने बसवतो. दिसायला काम सुबक, पण वाकवलेला तो पट्टा आता साध्या पत्र्याच्या जवळ गेलेला असतो. वळण मोठ्या त्रिज्येचं ठेवा, प्रेसवर थंडच वाकवा, नाहीतर दोन तुकडे करून मागून पट्टी द्या. कापायला वॉटरजेट उत्तम, लेझर किंवा प्लाझ्माही चालतो.

वेल्डिंगचं दुखणं लगेच दिसत नाही. एका पावसाळ्यात शेडमध्ये कडेच्या प्लेटला टाके मारून आम्ही घरी गेलो. रात्री राखणदाराला "टक्" असा आवाज आला, त्याला वाटलं उंदराने काही पाडलं. सकाळी वेल्डला लागून केसाएवढी चीर होती, नख फिरवलं की अडकायचं. रॉडचं पाकीट दोन दिवस उघडं पडलेलं. दमट रॉडमधला हायड्रोजन पोलादात शिरतो आणि चीर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पडते. ती चूक माझी होती. तेव्हापासून लो-हायड्रोजन रॉड भट्टीत कोरडे केल्याशिवाय हातात घेत नाही, आणि वेल्ड झाल्यावर दोन दिवस थांबून डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरेत शिरून ती दाखवणारा लाल रंग, मारून तपासतो. लाल रेघ उमटली की वेल्ड पूर्ण घासून काढायचा. वरून भरून चीर झाकली जाते, जात नाही.

वेल्डलगतचा पट्टा थोडाफार मऊ होणारच, म्हणून प्रत्येक सांध्यामागे त्याच पोलादाची पट्टी हवी.

फटी

दार आणि चौकट, काच आणि पत्रा, कुलुपाचं घर, वायरिंगची भोकं: गोळीला सरळ वाट मिळेल अशी एकही फट उरता कामा नये. रबर आणि आतलं फर्निशिंग बसवण्याआधी रात्री गाडीत बल्ब लावा आणि बाहेरून चहूबाजूंनी वाकून, उभं राहून, तिरकं बघा. जिथून उजेड सरळ डोळ्यात येतो तिथे ओव्हरलॅप कमी पडलाय. नंतर कॅमेरा किंवा पंख्यासाठी कोणी प्लेटला आरपार भोक पाडून बोल्ट घातला, तर तो काढायला लावा. मार बसला की तोच बोल्ट आत उडतो.

काच आणि आपलं ऊन

गोळीरोधक काच म्हणजे काचेचे अनेक थर, मध्ये चिकट फिल्म आणि आतल्या बाजूला पॉलिकार्बोनेट. काचेचे कण माणसांवर उडू नयेत म्हणून तो शेवटचा थर. या सँडविचचा शत्रू उष्णता आणि कडेतून शिरणारा ओलावा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या पुढे जातो, मग उघड्या आवारात उभ्या गाडीच्या काचेचं काय होत असेल?

धुळ्याकडचे एक चालकदादा गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "भाऊ, काचले काय व्हयनं ते देखा." कडेने बोटभर रुंदीचा दुधाळ पट्टा, त्यात हरभऱ्याएवढे बुडबुडे. थर सुटायला लागले होते. यावर डिंक, इंजेक्शन, पॉलिश काही चालत नाही. सुटलेल्या काचेवर दाखल्यातली पातळी गृहीत धरू नका, काच बदला. नवी बसवताना कडा नीट सील करा, चौकट काचेला दाबणार नाही एवढी जागा ठेवा आणि गाडी सावलीत लावा.

आतून थिनर, पेट्रोल किंवा अमोनियाचा क्लीनर लावू नका. पॉलिकार्बोनेटवर जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड पुरे.

हलकं कवच कुठेही चालेल, असं नाही

अ‍ॅरामिड, म्हणजे केव्हलारच्या जातीचा धागा, पोलादामागे लायनर म्हणून उत्तम, पण ऊन आणि पाणी लागलं की त्याची ताकद घटते. कापलेली कड उघडी सोडू नका. पॉलिथिलीनचे पॅनेल पाण्यावर तरंगतील इतके हलके असतात, मात्र साधारण १४५ ते १५० अंशांना वितळतात आणि त्याच्या बरंच आधी कमजोर होतात. सायलेन्सर किंवा इंजिनाच्या भिंतीजवळ ते बसवणं चूकच. सिरॅमिकची फरशी एका जागी गोळी अडवताना तडकते, त्यामुळे मार बसलेला किंवा आदळलेला तुकडा बदलायचा, रंगवायचा नाही.

वजन

सहा मिलिमीटरचं पोलाद चौरस मीटरला ४७ किलो. बारा चौरस मीटर लावलं की साडेपाचशे किलो, काच वेगळी. स्प्रिंगचे पाटे, ब्रेक, टायर मूळचेच ठेवून ही गाडी कन्नड घाटात उतरवणं म्हणजे गोळीआधी घाटच जीवावर बेतायचा. मूळ कंपनीने दिलेल्या एकूण वजनाच्या मर्यादेत हिशेब बसतो का, ते आधी कागदावर काढा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीतल्या बदलावर बंधनं आहेत, म्हणून आरटीओकडे जायचं ते पत्रा कापण्याआधी.

दाराची तपासणी दर महिन्याला करा. दार अर्धं उघडा, खालच्या कडेला दोन्ही हात घालून वर उचला. बिजागरीत "खट्" झालं तर पिन किंवा बुश झिजलंय, त्याच आठवड्यात बदला. जड दार दोन-तीन मिलिमीटर खाली बसलं की वरचा ओव्हरलॅप तेवढाच कमी होतो, आणि ते बाहेरून रबरामुळे दिसत नाही.