घोड्याच्या खुराला फायबरचं प्लास्टर: पाचगणीतल्या एका नालबंदाची रीत

पावसाळा उलटला की महाबळेश्वर-पाचगणीच्या घोड्यांचे खूर पाहवत नाहीत. चार महिने चिखलात आणि ओल्या तबेल्यात उभं राहून खुराची भिंत मऊ पडते, जुन्या खिळ्यांच्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि तिथूनच ती फुटायला लागते. नाल निघते ती भिंतीचा तुकडा सोबत घेऊनच. मग दिवाळीचा सीझन तोंडावर आला की मालक येतो आणि म्हणतो, "काका, काहीही करा, पण नाल ठोकून द्या." ठोकणार कुठे? खिळा धरायला जागा उरलेली नसते, आणि हट्टाने वर, जिवंत भागाजवळ मारला तर घोडा तिथल्या तिथे लंगडतो.

अशा खुराला मी फायबरचं प्लास्टर चढवतो. माणसाच्या मोडलेल्या हाताला घालतात त्याच जातीची ही पट्टी आहे: विणलेलं फायबरग्लास आणि त्यात भिनवलेलं, पाणी लागलं की कडक होणारं रेझिन. मी लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटरिनरी कोअरमध्ये नालबंद होतो. नालबंदी मेरठला शिकलो, पण प्लास्टरचं काम निवृत्तीनंतर पुण्यात घोड्यांच्या एका डॉक्टरांच्या हाताखाली शिकलो. हल्ली बरेच मालक आणि तरुण नालबंद विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

प्लास्टर काय करतं तेवढं आधी लक्षात घ्या. ते फुटकी भिंत चहूबाजूंनी धरून ठेवतं, तळव्याला दगडापासून वाचवतं आणि हे सगळं एकही खिळा न मारता. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. म्हणजे इंचभर भिंत गेली असेल तर ती भरून यायला तीन महिने लागणार, त्यात कुणीही घाई करू शकत नाही. त्या काळात घोड्याला चालता यावं, उरलेली भिंत आणखी तुटू नये, यासाठी प्लास्टर आहे. आतला रोग त्याने बरा होत नाही. उलट आत पू किंवा सड असेल आणि तुम्ही वरून झाकण लावलंत, तर तो हवाबंद जागेत वाढतो आणि पुढच्या आठवड्यात वर, खूर संपून केस सुरू होतात त्या कडेतून फुटून बाहेर येतो. म्हणून सगळ्यात जास्त वेळ तपासणीला द्या. पट्टी गुंडाळायला दहा मिनिटं लागतात, त्याआधीच्या तयारीला मी किमान एक दिवस धरतो.

तपासणीची सुरुवात हाताने करा. दोन्ही पुढच्या खुरांवर तळहात ठेवून कुठला जास्त गरम आहे ते बघा. मग खुराच्या वरच्या सांध्यामागे, आतल्या आणि बाहेरच्या बाजूला, बोटं हलकेच टेकवा. तिथे शीर लागते. निरोगी पायात ती जेमतेम जाणवते. ठणठण उडत असेल तर आत दाह आहे, त्या दिवशी पट्टीचं पाकीट उघडूसुद्धा नका. त्यानंतर खूर तपासायचा चिमटा घेऊन तळव्यावर थोड्या थोड्या अंतरावर दाबत जा. घोडा एकाच जागी पुन्हा पुन्हा पाय ओढत असेल तर तिथे गळू असण्याची शक्यता मोठी. काल चांगला असलेला घोडा आज अचानक तीन पायांवर आला असेल तर बहुतेक वेळा तेच असतं. ते डॉक्टरांकडून फोडून घ्यायचं, निचरा होऊ द्यायचा, जागा पूर्ण कोरडी झाल्यावरच पुढचा विचार. खिळा किंवा काच घुसलेली असेल तरी हाच नियम. आणि खुराला कुठलीही जखम झाली की धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का, हे विचाराच. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि झाला तर घोडा क्वचितच वाचतो.

आता फ्रॉग. टाचेकडून पुढे निमुळता होत येणारा तो रबरासारखा त्रिकोणी भाग. त्याच्या मधल्या खाचेत आणि दोन्ही बाजूंच्या खाचांत कापसाचा बोळा फिरवा आणि नाकाशी धरा. बोळा नुसता मातकट निघाला तर ठीक. काळा, चिकट आणि कुजका वास मारणारा निघाला तर ती सड आहे, तिला थ्रश म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यानंतर ती जवळपास प्रत्येक तबेल्यात सापडते. खाचा रोज घासून साफ करायच्या, कोरड्या करायच्या आणि साखर व पोव्हिडोन आयोडिनचा घट्ट लगदा कापसाबरोबर आत भरायचा. आठवडा-दहा दिवसांत वास जातो. वास जाईपर्यंत प्लास्टर नाही, सीझन असो वा नसो.

गेल्या वर्षी चांदणी नावाची एक काठियावाडी घोडी माझ्याकडे आली. पुढच्या उजव्या खुराची बाहेरची भिंत खिळ्यांच्या भोकांच्या वरपर्यंत गेलेली. टेबल लँडच्या जांभ्या दगडावर पाय टाकताना ती मान वर झटकायची. अंगठ्याने दाबलं तर तळवा किंचित आत जात होता, इतका पातळ झालेला. पण शीर शांत होती, खूर गरम नव्हता, बोळा स्वच्छ निघाला. प्लास्टरसाठी याहून योग्य खूर नाही: आत आजार नाही, बाहेर आधार नाही.

काही कामं मात्र नालबंदाने एकट्याने करूच नयेत. खुरातलं हाड मोडलं असेल, तारेत अडकून टाचेचा गादीसारखा भाग फाटला असेल, किंवा घोडा पुढचे पाय लांब टाकून सगळा भार मागे घेऊन उभा राहत असेल, तर डॉक्टर हवेत. हे शेवटचं लक्षण लॅमिनायटिसचं, म्हणजे खुराच्या आतल्या थराच्या दाहाचं; धान्याच्या पोत्यात तोंड घालून भरपूर चणे खाल्लेल्या घोड्यात ते हमखास दिसतं. या तिन्हीत प्लास्टर वापरतात, पण एक्स-रे बघून; टाचेच्या जखमेला तर गुंगी देऊन थेट वरच्या सांध्याखालपर्यंत घालतात. आपल्या सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारा. शिंगराच्या पायालाही परस्पर प्लास्टर नको. त्याचा खूर भराभर वाढतो आणि कडक पट्टीत आवळला जातो.

खूर योग्य आहे असं ठरलं की आधी त्याला वाळवा. आठवडाभर आधीपासून तेल बंद. आपल्याकडे खुराला गाडीचं काळं ऑइल फासायची सवय आहे, ती तशीही सोडाच; तेलकट भिंतीवर पट्टी टिकत नाही. आदल्या रात्री घोडा कोरड्या लाकडी भुशावर बांधा. सकाळी खूर नेहमीसारखा कापून घ्या: सुटलेली, बाहेर पसरलेली भिंत काढा, तळव्याचा फक्त भुगा होणारा मेलेला थर काढा. पातळ तळव्याला सुरी लावू नका. भिंतीची खालची कड कानशीने गोल करा, म्हणजे पट्टी धारेवर कापली जाणार नाही. भिंतीचा पृष्ठभाग कानशीने अगदी हलका खरखरीत करा, तारेच्या ब्रशने घासा, स्पिरिटने पुसा आणि केस वाळवायच्या ड्रायरने शेवटची ओल काढा. भेगा असतील तर त्यांत चिमूटभर मोरचूद भरा.

तळव्याच्या पोकळीत भरण घालावं लागतं. दंतवैद्य ज्याने दातांचा ठसा घेतात तसलं दोन भाग मिसळून घट्ट होणारं सिलिकॉन उत्तम. ते फ्रॉगच्या खाचांत आणि टाचेकडच्या भागात भिंतीच्या पातळीपर्यंत भरा, वर येऊ देऊ नका. फ्रॉगच्या टोकापुढचा भाग मात्र मोकळा ठेवा. आत हाडाचं टोक तिथेच असतं आणि पातळ तळव्याच्या घोड्याला तिथला दाब सोसत नाही. चांदणीच्या वेळी मी हा मोकळा भाग बोटभर रुंद ठेवला होता.

सामान आधी मांडून घ्या: तीन इंची पट्टी (लहान तट्टाला दोन इंची), एका खुराला साधारण एक रोल, मोठ्या घोड्याला दोन, रबरी हातमोजे, बादलीत साधं पाणी, स्वयंपाकघरातली पातळ चिकट प्लास्टिक फिल्म, सपाट फळी. हातमोजे विसरू नका, रेझिन कातडीला चिकटलं की दिवसचे दिवस जात नाही. पाणी गरम नको. गरम पाण्यात पट्टी हातातच कडक होते आणि खुरावर उष्णता जास्त होते. पाकीट अगदी शेवटी फाडा, कारण आमच्या हवेतल्या दमटपणानेही ती कडक व्हायला सुरुवात होते. घोडा धरायला त्याच्या ओळखीचा माणूस हवा, अनोळखी पोऱ्या नको.

पट्टी पाण्यात बुडवून दोन-तीनदा हलकेच दाबा आणि लगेच कामाला लागा, हातात तीन-चार मिनिटंच आहेत. भिंतीच्या बाजूने सुरू करून पुढून फिरवत टाचेमागून आणा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. केसांच्या कडेपासून बोटभर खाली राहा. ही कड म्हणजे खूर जिथून उगवतो ती जागा, तिथे कडक पट्टी घासली की जखम होते. टाचेच्या मऊ गादीवर पट्टी जाणारच असेल तर खाली नमद्याचा पातळ तुकडा ठेवा. खालच्या बाजूला पट्टीचा एक तृतीयांश भाग कडेवरून आत तळव्यावर दुमडा, मग एक-दोन वेढे तळव्यावरून आडवे घ्या. ओढून बांधू नका. पट्टी नुसती टेकवत न्यायची, ताण देऊन गुंडाळली की खूर आवळतो आणि घोडा दुसऱ्या दिवशी लंगडतो. भिंतीवर तीन-चार थर पुरे, पुढच्या टोकाला एक-दोन जास्त, कारण दगडावर तेच आधी झिजतं.

गुंडाळून झालं की ओल्या हातमोज्यांनी सगळीकडून चोळा, म्हणजे थर एकमेकांत बसतात. वरून प्लास्टिक फिल्म गुंडाळा, पाय फळीवर सरळ ठेवा आणि दुसरा पुढचा पाय उचलून धरायला सांगा, म्हणजे घोडा या पायावर निश्चल उभा राहील. पट्टी टणक लागेपर्यंत हलू देऊ नका. त्यानंतर दुसरा पाय सोडला तरी अर्धा तास जागेवरच उभा ठेवा, मग चालवा. वरची कड बोटाने तपासा, कुठे टोचत असेल तर कानशीने उतरवा.

सर्जिकलच्या दुकानात मिळणारी माणसाची पट्टी चालते, पण ती घोड्याच्या खुरासाठी खास बनवलेल्या पट्टीपेक्षा ताठ असते. पाय टेकताना खुराची टाच थोडी फाकते. ताठ पट्टी तिला फाकू देत नाही. म्हणून माणसाची पट्टी घातली असेल तर मी ती दोन आठवड्यांत काढतो. खास पट्टी तीन, फार तर चार आठवडे ठेवतो. खूर आत वाढत असतो, हे विसरून चालत नाही.

या काळात रोजचं काम दोन मिनिटांचं आहे, पण ते रोज करा. शीर बघा, पट्टीच्या वर हात ठेवून गरमपणा बघा, वास घ्या, घोडा भार सारखा बदलतोय का ते बघा. दुसऱ्या पायावरही लक्ष हवं, भार तिकडे गेला की तो चांगला पायही दुखावतो. काही वेगळं वाटलं तर प्लास्टर त्याच दिवशी काढा, पट्टीच्या पैशांचा विचार करू नका. घोडा कोरड्यात बांधा. पावसाच्या चिखलात प्लास्टर घालून काही उपयोग नाही, खालून ओल शिरून भरण कुजतं. सवारीही बंद, मालकाला हे पटवणं हा या कामातला सगळ्यात कठीण भाग आहे. मी सांगतो, आता तीन आठवडे रिकामे काढा, नाहीतर मे महिन्याचा अख्खा सीझन जाईल.

काढताना खूर कापायच्या पकडीने टाचेच्या एका बाजूने सुरू करून खालून वर बारीक बारीक चावे घेत जा, मग दुसऱ्या बाजूने, आणि पुढचा भाग सोलून काढा. खालची भिंत कापली जाणार नाही एवढं बघा. कानस मारणार असाल तर तोंडाला फडकं बांधा, फायबरची धूळ छातीत जाते. आतून खूर पांढुरका आणि दमट निघतो, ते साहजिक आहे. साफ करा, आयोडिन लावा, एक दिवस हवेवर ठेवा. भिंत अजून पुरेशी आली नसेल तर पुन्हा तपासून, पुन्हा नवं.

चांदणीला लागोपाठ तीन प्लास्टरं लागली. तिसरं काढलं तेव्हा बाहेरची भिंत खिळा धरण्याइतकी खाली आली होती. पहिल्या नालेला मी पातळ खिळे वापरले, तेही बाहेरच्या बाजूला दोनच, आणि जुन्या भोकांच्या जागा टाळून. पुढची नाल पाच आठवड्यांनी बदलली. तुम्हीही पहिल्या वेळी पाच-सहा आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नका. नवी भिंत अजून कोवळी असते आणि सैल झालेली नाल तिला पुन्हा तिथेच फाडते.