दुधीची कोवळी फळे पिवळी पडून गळत होती : उपाय सापडला

लक्षण असे: वेल जोमदार, फुले भरपूर, पण बोटाएवढी फळे तीन-चार दिवसांत टोकाकडून पिवळी पडून सुकतात.

आधी खत वाढवले. नत्रामुळे पानेच माजली. पाणी कमी-जास्त केले, कडुनिंबाचा अर्कही फवारला. फरक शून्य. मग सकाळी ब्रशने परागण केले (नरफुलातले पराग मादीफुलाला लावले), तेही वाया. पुरता वैताग आला.

चूक वेळेची होती. भोपळा, काकडी सकाळी फुलतात. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि त्याच्याकडे रात्री पतंग येतात. ते फिरकले नाहीत, तर परागण होत नाही. सकाळपर्यंत फूल मलूल होते.

आता क्रम असा. दिवस मावळताना ताजे उमललेले नरफूल देठासकट तोडा. नराचा देठ लांब, सडपातळ. मादीच्या फुलामागे लव असलेली चिमुकली दुधी दिसते. नराच्या पाकळ्या काढा. मधल्या पुंकेसरांना बोट लावून पाहा, पिवळी पूड लागली पाहिजे. ते मादीफुलाच्या मध्यभागी पराग धरणाऱ्या कुक्षीच्या तिन्ही भागांवर हलकेच फिरवा. एकच भाग माखला तर फळ वाकडे होऊ शकते (काकडीतही हे दिसते). देठाला दोरा बांधून खूण करा.

पाऊस असेल तर दोन्ही फुले उमलण्याआधीच कागदी पिशवीने झाका, कारण भिजलेले पराग निकामी होतात.

फळ धरले असेल तर चार-पाच दिवसांत ते हिरवेगार राहून फुगू लागते. सुरुवातीला वेलीवर नुसती नरफुलेच येतात, तेव्हा थांबण्याखेरीज इलाज नाही.