मुस्लिमांबद्दलच्या सर्व्हेचा आकडा ग्रुपवर आला की आधी काय बघायचं

"इतक्या टक्के लोकांना मुस्लिम शेजारी नको" असलं चित्र ग्रुपवर फिरायलं की लगेच फॉरवर्ड करू नका. आधी मूळ रिपोर्ट काढा आणि प्रश्न नेमका कसा विचारला ते वाचा, निम्मं तिथंच कळतंय.

प्यू रिसर्च सेंटर म्हणजे सर्व्हे करणारी अमेरिकेतली संस्था, तिचा 2021 चा भारतावरचा रिपोर्ट घ्या. नोव्हेंबर 2019 ते मार्च 2020 मध्ये 29,999 लोकांशी समोरासमोर, 17 भाषांत बोललेत. 36 टक्के हिंदू म्हणाले मुस्लिम शेजारी चालणार नाही. हा आकडा खराय, मला वाचून वाईट वाटलं, पण लपवायचा नाही. त्याच रिपोर्टात 84 टक्के लोक म्हणतात की खरा भारतीय व्हायला सगळ्या धर्मांचा मान ठेवणं फार महत्त्वाचंय. दोन्ही सोबत वाचा, एकच कापून पाठवणारा तुम्हाला अर्धं सांगायलाय.

मग किती जणांना विचारलं ते बघा. माणसं लॉटरीसारखी निवडली असली तर 1000 जणांत आकडा साधारण 3 टक्के मागंपुढं होतोय, 100 जणांत 10. प्यूच्या तीस हजारांत मुस्लिम 3,336 होते, म्हणून "मुस्लिम काय म्हणतात" हे सांगताना तेवढेच धरायचे. देशाचा आकडा परभणी-बीडला तसाच चिकटवू नका. फेसबुकवरचा पोल तर सोडूनच द्या.

इस्लामबद्दल मत आणि मुस्लिम माणसाबद्दल मत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत बरं का.

स्वतः सर्व्हे करणार असाल तर पारावर चार जणांत विचारू नका, घरी एकट्याला गाठा. मी अंबाजोगाईकडं एका सर्व्हेसाठी फिरायलो होतो, एका काकांना विचारलं मुस्लिम शेजारी चालंल का, ते सरळ "नाही" म्हणाले, मी खूण केली, आणि तेवढ्यात ते भिंतीवरून पलीकडं ओरडले, "चाचा, मोटार बंद करा, टाकी भरली!" मी विचारलं हे कोण, तर म्हणाले, "ते होय, ते तर आपले चाचा, वीस वर्षं झाले इथंच हायेत." फॉर्मवर मात्र "नाही"च गेलं. तवापासून मी दोन प्रश्न लावून विचारतो, आधी "तुमच्या शेजारी कोण राहतं, येणंजाणं आहे का" आणि मग मताचा, अन् खाली चार ओळी कोऱ्या सोडतो, माणूस जे बोलंल ते त्याच्याच शब्दांत लिहायला.